सासूबाईंचं वजन

बाजाराच्या चौकातल्या स्पीडब्रेकरवरून सासूबाईंची गाडी खाली उतरली, पुढच्या चाकापाशी काडकन आवाज झाला आणि गाडी चालकाच्या बाजूला अशी काही बसली की पुन्हा उठेचना. समोरच्या दुकानदाराला वाटलं टायर फुटला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवायला हात उचलला होता, पण दार उघडून कोण उतरतंय ते बघून त्याने तो हात हळूच केसांतून फिरवला. सासूबाई चाकापाशी वाकल्या, आत डोकावल्या आणि उठून एवढंच म्हणाल्या, "स्प्रिंग गेली." मग रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी दोन फोन केले. एक थोरल्या जावयाला, एक धाकट्याला.

थोरले जावई शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांना घरात आणि घराबाहेर सगळे मास्तर म्हणत. धाकट्यांचं गाद्यांचं मोठं दुकान होतं, त्यांना सगळे शेठ म्हणत. एकाने उभी हयात फळ्यावर स्प्रिंगचा नियम लिहिलेला, दुसऱ्याने उभी हयात स्प्रिंगच्या गाद्या विकलेल्या. त्यामुळे स्प्रिंग म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवू नये, अशी दोघांचीही पक्की समजूत होती. साडू-साडूंचं एरवीही फारसं सख्य नव्हतं. भांडण असं कधी झालं नव्हतं. पण मास्तर काही सांगायला लागले की शेठ "हो सर, हो सर" म्हणत मान डोलवायचे, आणि त्या 'सर'मध्ये असं काहीतरी असायचं की मास्तरांचा घास घशात अडकायचा.

मास्तर चौकात पोचले तेव्हा शेठ आधीच येऊन गाडीखाली वाकून बघत होते.

"तुटली," शेठ म्हणाले.

"ते दिसतंय," मास्तर म्हणाले. "का तुटली ते बघायला हवं."

"जुनी होती म्हणून तुटली, सर."

सासूबाई दोघांकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या.

त्या गाडीला घरात आत्याबाई म्हणत. मास्तरांच्या बायकोने लहानपणी ठेवलेलं नाव. गोल गरगरीत पाठ, नाकावर चकचकीत पट्टी, आणि यायच्या आधी दोन वळणांवरून आवाज. सासूबाई सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या सिस्टर होत्या, तेव्हा याच गाडीतून त्या रात्री-अपरात्री बाळंतिणींकडे जायच्या. सासरे होते तोवर ते शेजारच्या सीटवर बसून रस्ता सांगायचे आणि सासूबाई तो ऐकायच्या नाहीत. आता त्या एकट्याच चालवायच्या. मैत्रिणींकडे पत्ते खेळायला, ग्रंथालयात, आणि आपल्या हातावर जन्मलेल्या पोरांची पोरं बघायला. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं, आणि प्रत्येकाचं जन्माच्या वेळचं वजन त्यांना तोंडपाठ. गॅरेजचा मिस्त्रीही त्यातलाच.

आत्याबाईंना ओढत गॅरेजमध्ये आणलं तेव्हा हा आडदांड मिस्त्री हात पुसत बाहेर आला.

"बारीक होतास रे," सासूबाई त्याच्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या. "तुला कापसात गुंडाळून ठेवला होता मी. आता माझ्या गाडीचं बघ."

मिस्त्रीने बघितलं. म्हणाला, एक तुटलीय, पण दुसरीही दमलीय, बदलायच्या तर पुढच्या दोन्ही. आणि अडचण अशी की ही गाडी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, त्यामुळे मूळ स्प्रिंगा आता मिळत नाहीत. तयार मिळतात त्या दोन तऱ्हेच्या. एक मऊ, जुन्यासारखी. दुसरी कडक, शर्यतीचे हौशी लोक बसवतात ती.

"मऊ," मास्तर म्हणाले. "गाडी ज्या स्प्रिंगवर बेतलेली आहे तीच हवी."

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाला.

"कडक," शेठ म्हणाले. "मऊ स्प्रिंग वर्षभर गोड वाटते, मग मधोमध खड्डा पडतो. मी रोज बघतो. आणि आईंच्या कमरेला कडकच चांगली."

"हेही बरोबर आहे," मिस्त्री म्हणाला. तो ज्याच्या तोंडाकडे बघायचा त्याचं त्याला पटायचं. धंद्यात त्यामुळे त्याचं कधी कुणाशी वाकडं आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मास्तर एकटेच सासूबाईंकडे गेले आणि त्यांनी मऊ स्प्रिंगची बाजू मांडली. ते जिन्यातून उतरत होते तेव्हा शेठ वर चढत होते. दोघांनी एकमेकांना "काय, इकडे कुठे?" असं विचारलं आणि दोघांनीही "सहजच" असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी निकाल दिला. "वेगवेगळे येऊन माझे कान भरू नका. दोघं मिळून एक काय ते ठरवा. एकमत झालं की या. तोवर मला न्यायचं-आणायचं तुम्हीच बघा."

ते शेवटचं वाक्य ऐकलं तेव्हा दोघांना त्यात विशेष काही वाटलं नाही. चारच दिवसांत त्याचा अर्थ कळला. सासूबाई मास्तरांच्या गाडीत पुढे बसायच्या आणि पायाने नसलेला ब्रेक दाबायच्या. मास्तर चाळीसच्या पुढे गेले की "घाई आहे का?" विचारायच्या आणि मागे आले की "बंद पडली का?" विचारायच्या. गिअर बदलताना जरासा आवाज झाला तरी त्या डोळे मिटून घ्यायच्या, जणू कुणी त्यांच्याच गुडघ्याची वाटी सरकवली. शेठची पाळी असली की त्या गाद्या पोचवायच्या टेम्पोत शेठच्या शेजारी बसायच्या. शेठने आरसे चुकीचे लावलेत हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच लावून दिले. त्यानंतर शेठला मागचं काही दिसेना, पण आरशाला हात लावायची त्यांची छाती झाली नाही.

"सर," शेठचा फोन आला, "काहीतरी ठरवू या."

"मी तर केव्हाच ठरवलंय," मास्तर म्हणाले. "तुम्हीच..."

"आज त्यांनी मला टेम्पो मागे घ्यायला शिकवलं. गिऱ्हाइकासमोर."

मास्तरांना तो नसलेला ब्रेक आठवला. मग म्हणाले, "उद्या भेटू."

मिस्त्रीच्या ओळखीत एक फोटोग्राफर होता. त्याच्याकडे अगदी आत्याबाईंचीच जुळी गाडी होती आणि तिला कडक स्प्रिंगा बसवलेल्या होत्या. तो दोघांना चक्कर मारायला घेऊन गेला. सरळ रस्त्यावर गाडी सुतासारखी गेली. शेठने मागे वळून मास्तरांकडे असं बघितलं की मास्तरांनी खिडकीबाहेर नजर वळवली. मग रेल्वे फाटक आलं. रूळ ओलांडताना शेठ बोलत होते, "बघा सर, गादीचंही असंच अस..." आणि तिथेच त्यांची जीभ दातांखाली आली. उरलेल्या रस्त्यात ते काही बोलले नाहीत. उतरल्यावर मास्तरांनी विचारलं, "मग? कडकच?"

शेठने मान हलवली. ती होय म्हणून हलली की नाही म्हणून, हे मास्तरांना कळलं नाही, आणि सभ्यपणा म्हणून त्यांनी विचारलंही नाही. कारण मागच्या सीटवर त्यांचंही डोकं छताला लागलं होतं. आणि परतताना त्याच फोटोग्राफरच्या मित्राच्या मऊ स्प्रिंगांच्या गाडीत दोघं बसले, तर ती वळणावर अशी झुलली की मास्तरांना दोनदा घाम पुसावा लागला.

"तिसरा रस्ता आहे," ते गॅरेजमध्ये परतले तेव्हा मिस्त्री म्हणाला. "मापाने बनवून घ्यायच्या. शेजारच्या शहरात एक बाई आहेत, बापापासून स्प्रिंगांचाच धंदा. त्या सांगाल तशी वळून देतात."

मास्तरांनी लगेच फोन लावला आणि शेठला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. पलीकडे यंत्रांचा खणखणाट आणि त्यावर मात करणारा आवाज होता.

"जाडी, उंची मिस्त्रीकडून घेते मी," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला दोन गोष्टी सांगा. किती मऊ हवी, आणि गाडी चालवतं कोण."

"आमच्या सासूबाई," मास्तर म्हणाले.

"एकट्याच असतात गाडीत?"

"बहुतेक वेळा."

"मग त्यांचं वजन सांगा. अशी गाडी वर्षानुवर्षं एकाच बाजूला दबते. त्या बाजूची स्प्रिंग त्या माणसाच्या बेताची वळली की गाडी सरळ उभी राहते."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला.

"अंदाजे सांगितलं तर?" शेठने हळूच विचारलं.

"अंदाजे नको. आणि त्यांनी सांगितलं म्हणूनही नको," बाई म्हणाल्या. "लोक बिनदिक्कत कमी सांगतात, आणि मग गाडी वाकडी उभी राहिली की मलाच फोन करतात. खरं वजन कळलं की कळवा." फोन बंद झाला.

मास्तरांनी शेठकडे पाहिलं. शेठने मास्तरांकडे.

"तुम्ही थोरले," शेठ म्हणाले.

"तुम्ही लाडके," मास्तर म्हणाले.

दोघांनीही मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला की त्याला आत एका गाडीचं काम आठवलं.

घरी गेल्यावर मास्तरांनी बायकोला गाठलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, आईंचं वजन साधारण किती असेल?"

तिचे हात थांबले. "का?"

"सहजच."

"अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही माझं वजन कधी विचारलंत?"

"नाही."

"मग ते जे काही शहाणपण तेव्हा दाखवलंत ना, तेच आता दाखवा," ती म्हणाली आणि घड्या घालायला लागली. शेठच्या घरीही असाच काहीसा संवाद झाला असावा, कारण रात्रीच्या जेवणानंतर त्यांचा फोन आला आणि ते म्हणाले, "सर, माझ्या डोक्यात एक कल्पना आहे. पण त्याला तुमचं विज्ञान लागेल."

इतक्या वर्षांत शेठच्या तोंडून विज्ञान हा शब्द सरळ चेहऱ्याने मास्तरांनी पहिल्यांदाच ऐकला. चेहरा अर्थात फोनवर दिसत नव्हता, पण आवाज तरी सरळ होता.

कल्पना अशी. शेठच्या दुकानात मागच्या खोलीत एक लोखंडी पलंग होता, खाली स्प्रिंगांची जाळी असलेला. गिऱ्हाइकांना गादीवर झोपवून बघायला तो उपयोगी पडायचा. माणूस आडवं झालं की जाळी खाली झुकते. किती झुकली ते मोजलं, की वजन कळणार. सासूबाईंना नवी गादी भेट द्यायची म्हणून बोलवायचं, पलंगावर आडवं व्हायला लावायचं, आणि खालून मोजायचं.

"पण आधी पट्टी बसवावी लागेल," मास्तर म्हणाले. "किती वजनाला किती झुकते ते ठाऊक नको का?" आणि त्यांचे डोळे चमकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात पिण्याच्या पाण्याचे मोठे कॅन येऊन पडले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शेठला पटवून द्यायला मास्तरांना काहीच कष्ट पडले नाहीत, आणि याचं मास्तरांना जरा वाईटच वाटलं. मऊ, मधली आणि कडक, यांतली मधली गादी पलंगावर टाकली. मग कॅन रचायला सुरुवात झाली.

"एका जागी नको," मास्तर म्हणाले. "माणूस पसरून झोपतं. आईंसारखे ठेवा."

शेठने पायांकडे लहान बाटल्या ठेवल्या. खांद्यांकडे दोन कॅन. मग ते थबकले.

"मधे?"

"मधे... आणखी दोन," मास्तर म्हणाले.

"दोनच?"

"हळू बोला."

शेठने तीन ठेवले. मास्तरांनी तीन लिहून घेतले. उशीच्या जागी एक गोल बाटली ठेवली, बाटल्या घरंगळू नयेत म्हणून वरून चादर घातली, आणि मास्तर फूटपट्टी घेऊन पलंगाखाली शिरले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत डोकावलं. चादरीखालच्या आकृतीकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "आजारी आहेत का?"

"नाही, नाही," शेठ म्हणाले, "गादी बघतायत."

"फार वेळ बघतायत," गिऱ्हाईक म्हणालं आणि ती गादी आपल्यालाही दाखवा असं सांगून बाहेर जाऊन बसलं.

कॅन काढत, घालत, मोजत संध्याकाळ झाली. मास्तरांचा शर्ट धुळीने माखला, शेठची पाठ धरली. पण शेवटी पट्टीवर कुठल्या खुणेला किती वजन, ते पेन्सिलीने लिहिलं गेलं. शेठने ती पट्टी उजेडात धरून बघितली.

"गंमत आहे," ते म्हणाले. "मी हे रोज डोळ्यांनी करतो. कोण किती दबलं ते बघतो आणि गादी सांगतो. यात नियम आहे हे माहीत नव्हतं."

मास्तरांना नियम सांगायचा होता. पूर्ण सांगायचा होता, उदाहरणासकट. पण त्यांनी तो गिळला आणि म्हणाले, "तुम्ही डोळ्यांनी करता तेच. फक्त मला पट्टी लागते."

सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. मास्तर आधीच पलंगाखाली जाऊन पडले होते; नंतर शिरायला संधी मिळणार नव्हती. चादर दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेली होती. खाली अंधार, फरशी गार, आणि नाकाशी धुळीचा एक पुंजका. सासूबाईंच्या चपला दुकानाच्या दाराशी थांबल्याचं मास्तरांनी ऐकलं. मग पावलं जवळ आली.

"या, आई," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज गिऱ्हाइकाला उधारी नाकारताना होतो तसा पातळ झाला होता. "जरा आडव्या होऊन बघा."

"दुकानात आडवी होऊ?"

"सगळेच होतात."

जाळी कुरकुरली, वरून खाली येऊ लागली, मास्तरांच्या नाकापासून चार बोटांवर येऊन थांबली. मास्तरांनी श्वास रोखून पट्टी उभी केली. आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग त्यांनी पट्टी छातीवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले. तो आकडा इथे सांगणं बरं नाही. एका बाईचा विश्वास आहे त्यात.

"छान आहे हो ही," वरून सासूबाईंचा आवाज आला. "ना रुतत, ना टोचत. कुठली ही?"

"मधली."

"माझी गाडी अशी करा. फक्त झोप यायला नको."

शेठने बहुधा मान डोलावली. सासूबाईंना उठायची घाई दिसली नाही.

"एक विचारू का, शेठ?" त्या म्हणाल्या. "तुमचं आणि मास्तरांचं का हो पटत नाही?"

खाली मास्तरांच्या पायाला मुंगी चावली की भास झाला, कोण जाणे. वर शेठचं खाकरणं ऐकू आलं.

"पटत नाही असं नाही, आई," शेठ म्हणाले. "ते बोलायला लागले की मी पुन्हा शाळेत बसल्यासारखा होतो. मागच्या बाकावर. उत्तर येत नाही, आणि सगळे बघतायत. मग मी काहीतरी थट्टा करतो. मागच्या बाकावरून दुसरं काय करणार?"

"आणि ते?"

"ते चांगलेच आहेत. माझ्या पोराला गणित येत नव्हतं, तर दर रविवारी येऊन बसायचे. एकदाही म्हणाले नाहीत की पोरगा बापावर गेलाय. मी असतो तर म्हणालो असतो."

मास्तरांना त्या क्षणी पलंगाखालून बाहेर यावंसं वाटलं आणि जमिनीत आणखी खोल जावंसंही वाटलं. खरं म्हणजे ते मनात तसं म्हणाले होते. एकदा नाही, चांगलं तीनचारदा. त्यांना आपल्या वर्गातला मागचा बाक आठवला. तिथल्या थट्टेवर आपण दर वेळी फळ्याकडून न वळताच खडू कसा फेकायचो, तेही आठवलं. डोळ्यांत काहीतरी आलं; धूळ असेल. नाकात मात्र नक्की धूळच होती. त्यांनी नाक दाबलं, ओठ दाबले, आणि तरीही ती शिंक अशी आली की वरची जाळी झणझणली.



"मास्तर," सासूबाई तशाच पडल्या-पडल्या म्हणाल्या, "खाली फरशी गार असेल. वर या."

मास्तर सरपटत बाहेर आले. केसांत जळमट, हातात फूटपट्टी.

"तुमच्या चपला बघितल्या दाराशी," सासूबाई म्हणाल्या. "टाच नेहमी एकाच बाजूने झिजवता तुम्ही. म्हटलं, मास्तर आहेत आणि दिसत नाहीत, तर कुठे असतील? शेठ सारखे खाली बघत होते."

मग दोघांनी एकमेकांना मधेमधे तोडत सगळं सांगितलं. स्प्रिंगवाल्या बाई, चालकाची बाजू, पाण्याचे कॅन. मधल्या तीन कॅनांबद्दल मात्र दोघांनीही, न ठरवता, तोंड उघडलं नाही. सासूबाई उठून बसल्या. हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते.

"अहो, मी जन्मभर वजनं केली," त्या म्हणाल्या. "मला त्याची काय लाज? विचारलं असतंत तर सांगितलं असतं." आणि त्यांनी आपलं वजन सांगून टाकलं, झटकन, ठसक्यात, बाळाचं सांगतात तसं. मग चपला घालून, मधली गादी घरी पाठवून द्या असं बजावून, त्या निघून गेल्या.

मास्तरांनी पट्टीकडे पाहिलं. शेठने पट्टीकडे पाहिलं.

"मोजण्यात चूक असेल," शेठ म्हणाले.

"एवढी नसते," मास्तर म्हणाले. "मी दोनदा वाचलं."

"त्या खोटं बोलणार नाहीत, सर. कदाचित त्यांनी सांगितला तो आकडा नोकरीला लागतानाचा असेल."

मास्तरांना हसू आलं. आधी बारीक, मग आवरेना. शेठही हसायला लागले, आणि पलंगावर बसले तर जाळी इतकी दबली की हसणं आणखी वाढलं. "कुठला कळवायचा?" शेठने डोळे पुसत विचारलं. "तुम्ही म्हणाल तो."

"नाही," मास्तर म्हणाले. "माणसं ओळखण्यात तुमचा हात कोण धरणार? तुम्ही सांगा."

शेठने विचार केला. धंद्यात गिऱ्हाईक सांगेल ते खरं मानायचं, हा त्यांचा आजवरचा शिरस्ता. पण गादी द्यायची ती मात्र डोळ्यांनी बघून, हाही शिरस्ताच.

"पट्टीवरचा कळवू," ते म्हणाले. "आणि आईंना सांगू की त्यांचाच कळवला."

असं त्यांचं एकमत झालं.

स्प्रिंगा आल्या, काळ्याभोर, रंगाचा वास येणाऱ्या. मिस्त्रीने त्या बसवल्या, जॅक काढला, आणि त्याचा चेहरा पडला. रिकाम्या आत्याबाई चालकाच्या बाजूला किंचित उंच उभ्या होत्या, भुवई उडवल्यासारख्या. "चूक झाली वाटतं," तो म्हणाला.

"नाही," मास्तर म्हणाले.

"मुळीच नाही," शेठ म्हणाले.

आपण आता कुणाच्या तोंडाकडे बघायचं हे मिस्त्रीला कळेना. दोघं एकच बोलत होते आणि असं त्याच्या गॅरेजमध्ये कधी झालं नव्हतं. मास्तरांनी गवंड्याची पाणसळ आणली होती. ती त्यांनी पुढच्या काचेखाली आडवी ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा चालकाच्या बाजूला जाऊन बसला होता. सासूबाई आल्या, दार उघडून आपल्या जागेवर बसल्या आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. आत्याबाईंनी एक निःश्वास सोडला. बुडबुडा सरकला, थरथरला आणि बरोब्बर दोन रेघांच्या मधोमध येऊन उभा राहिला.

सासूबाईंनी काचेतून तो बघितला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बघा," त्या म्हणाल्या. "मी सांगितलेलं वजन बरोबर होतं ना?"

"अगदी बरोबर," दोन्ही जावई एकदम म्हणाले.

सासूबाई क्षणभर दोघांकडे बघत राहिल्या. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते त्यांनाच ठाऊक. "बसा मागे," त्या म्हणाल्या.

दोघं मागच्या सीटवर दाटीवाटीने बसले. शेठ जरा जास्तच जागा घेत होते, आणि मास्तरांचे गुडघे समोरच्या सीटला टेकत होते. आत्याबाई गॅरेजातून बाहेर पडल्या, बाजाराच्या रस्त्याला लागल्या. वळण आलं तेव्हा झुलल्या नाहीत. रेल्वे फाटक आलं तेव्हा शेठने आधीच जीभ आत घेऊन ओठ घट्ट मिटले, पण रूळ कधी आले नि गेले ते कळलंही नाही. सासूबाई गुणगुणत होत्या. मग चौकातला स्पीडब्रेकर आला. त्यांनी वेग कमी केला नाही. मुद्दामच केला नाही. गाडी वर गेली, खाली आली, एकदा डुलली आणि स्थिर झाली.

"एकच हेलकावा," मास्तर समाधानाने म्हणाले.

"दीड," शेठ म्हणाले.

"दीड कसा असेल? वर जाऊन खाली आली की एक."

"आणि मग पुन्हा जराशी वर गेली ना, तो अर्धा. मागचे शॉकअब्सॉर्बर बघायला हवेत, सर."

मास्तरांनी त्या 'सर'कडे कान लावला. त्यात या वेळी काही अडकलेलं नव्हतं. "अर्धा हेलकावा असं काही नसतं," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, "पण तुम्ही म्हणता तर पुन्हा एकदा बघायला हरकत नाही."

"आई, जरा वळवून घेता का?" शेठ म्हणाले.

सासूबाईंनी आरशात बघितलं, हात बाहेर काढला आणि मागच्या दोन मोटारींना थांबवून चौकाच्या ऐन मधोमध गाडी वळवली.